बगळा काय करतोय?

पक्ष्याचं नाव विचारलेलं माझ्या नवऱ्याला मुळीच आवडत नसे. शाहपुऱ्याच्या तळ्यावर रविवारी सकाळी आम्ही दोघं कॉलनीतल्या मुलांना घेऊन जायचो. मी शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. हे सरकारी कारखान्यातले इंजिनिअर, नागपूरहून बदलीवर भोपाळला आले आणि इथलेच होऊन गेले. तिपाईवर टेलिस्कोप चढला की पोरं गलका करायची, "सर, इसका नाम क्या है?" ह्यांचं उत्तर ठरलेलं असे. "नाम किताब में मिल जाएगा. वो कर क्या रहा है, ये बताओ."

मग एकेकाने डोळा लावायचा आणि पक्षी काय करतोय ते सांगायचं. जे दिसलं तेवढंच. कुणी पदरचं घातलं की हे लगेच पकडत आणि पुन्हा रांगेच्या शेवटी पाठवत. घरात फ्रिजमध्ये समोर ठेवलेलं लोणी ह्यांना जन्मात कधी सापडलं नाही, पण तळ्याच्या पलीकडच्या काठावर शेपूट हलवणारा तुतवार बरोबर सापडायचा. उन्हं वर आली की सगळी वरात पोह्यांच्या गाडीवर. पोह्यांबरोबर जिलेबी खाणाऱ्या गावाचं काही खरं नाही, असं नागपूरकराच्या तोऱ्यात म्हणत हे दोन जिलेब्या जास्तच खायचे.

मग ह्यांचे डोळे बिघडले. पडद्याचा आजार. मधलं दिसेनासं झालं, कडेकडेचं तेवढं राहिलं. समोरचा माणूस दिसायला हवा तर मान वाकडी करून त्याच्या कानाकडे बघायचं. मी म्हणायची, "अहो, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आत्ता चोरून बघायला लागलात होय?" ते हसायचे. मीही हसायची, आणि मोरीत नळ सोडून रडून घ्यायची.

स्कूटर सुटली, पेपर सुटला, कॅरमचे दोस्त सुटले. टी. टी. नगरच्या डॉक्टरांकडून परत येताना रिक्षात त्यांनी एवढंच विचारलं, "रविवारचं जमेल ना गं?"

"न जमायला काय झालं?" मी म्हटलं.

आणि जमलंही. टिटवी आवाजावरून कळायची. बाकीचे पक्षी जागेवरून आणि ऋतूवरून. इतक्या वर्षांत कोण कुठे बसतं ते त्यांना पाठ झालं होतं. मुलं डोळा लावायची, हे प्रश्न विचारायचे. त्या दोन तासांत ते पुन्हा पूर्वीचे दिसायचे, ताठ आणि जरा खडूस. त्या रविवारावरच ते आठवडा काढत होते, हे मला स्वच्छ दिसत होतं.

थंडीतल्या त्या सकाळी वारा सुटला होता. पाण्यावर झुकलेल्या बाभळीच्या वाळक्या फांदीवर एक पन्नी अडकली होती, प्लॅस्टिकची पांढरी पिशवी. वाऱ्याने फुगत होती, हलत होती. ह्यांनी मान वाकडी केली, कडेच्या नजरेत पांढरं काही हललं, आणि चेहरा उजळला. त्या फांदीवर दर हिवाळ्यात बगळा बसतोच.

"वो देखो, बगुला! चलो, कर क्या रहा है?"

सगळ्यांना पन्नी दिसत होती, त्यासाठी टेलिस्कोप कशाला हवा? मी तोंड उघडणार, एवढ्यात आमच्यातली सगळ्यात बडबडी मुलगी, तेरा-चौदा वर्षांची, पुढे झाली. तिने डोळा लावला.

"सर, पानी की तरफ देख रहा है."

"अच्छा. फिर?"

मग दुसरा म्हणाला, गर्दन सिकोड़ ली. तिसरी म्हणाली, एक पैर उठाया. पोरं एकमेकांकडे बघत, ओठ चावत, सरांसाठी बगळा रचत होती. हे खुशीत हात चोळत होते. शेवटी ती बडबडी पुन्हा डोळा लावून ओरडली, "सर, गोता मारा! मछली पकड़ ली!"

ह्यांचे हात थांबले.

"शाबाश," ते हळूच म्हणाले. टेलिस्कोपवर झाकण बसवलं आणि म्हणाले, आज इथेच थांबू. पोह्यांच्या गाडीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

घरी येऊन चपला न काढताच खुर्चीत बसले.

"बगळा बुडी मारत नाही," म्हणाले. "तिला हे चांगलं माहीत आहे. मीच शिकवलंय. काय होतं गं तिथे?"

"पन्नी."

"सगळ्यांना दिसत होती?"

"हो."

मग म्हणाले, "डोळे गेले ते गेले. पण पोरं माझ्यासाठी खोटं बोलली. त्यांना आता मी काय शिकवू?" आणि माझा नवरा, ज्याने स्वतःच्या वडिलांच्या तेराव्यालाही डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, ओंजळीत तोंड घालून रडला. मी त्यांच्या चपला काढल्या.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी दारात रडत उभी राहिली. ह्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, लाडू दिला, अभ्यासाची चौकशी केली. रविवारी मात्र आले नाहीत. पुन्हा कधीच आले नाहीत. "तू जा. पोरांचा रविवार बुडवू नकोस," म्हणाले. म्हणून मी एकटी जाते.

परत आले की दाराशीच विचारतात, काय दिसलं? मी सांगते, खंड्या दिसला. लगेच सुरू होतात. कुठे बसला होता? तोंड कुणीकडे? मासा गिळण्याआधी काय केलं? मी सगळं नीट सांगते, एक अक्षर पदरचं घालत नाही. शेवटी ते मान वाकडी करून माझ्या कानाकडे बघतात आणि विचारतात, "मला बरं वाटावं म्हणून तर नाही ना सांगत?" मी शपथ घेते. ते "बरं" म्हणतात. पण त्यांना पटलेलं नसतं. आवाजावरून कळतं मला. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाने माझ्या शब्दावर कधी संशय घेतला नव्हता.

मागच्या रविवारी दाट धुकं होतं. पाणीसुद्धा दिसेना. मुलांना लवकर सोडलं आणि घरी आले. हे दाराशीच उभे होते.

"काय दिसलं?"

"काहीच नाही दिसलं," मी म्हटलं.

ह्यांनी मान हलवली आणि काही न विचारता आत गेले. तेवढं त्यांना लगेच पटलं.