एका नाल्याची तीन गावं

मलकापूरला उतरले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि ऊन आमच्याकडच्या अकरासारखं होतं. दसरा होऊन आठवडा झाला होता. मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावची सरपंच. पुण्याच्या एका प्रशिक्षणात वंदनाताईंची ओळख झाली. त्या मोताळा तालुक्यातल्या एका गावच्या सरपंच. "एकाच नाल्यावरच्या तीन ग्रामपंचायती एकत्र बसून राह्यल्या, या पाहाले," असा त्यांचा फोन आला आणि मी निघाले. गावांची नावं लिहू नका, असं तिथल्या सगळ्यांनीच मला नंतर सांगितलं. म्हणून वरचं, मधलं आणि खालचं गाव एवढंच लिहिते. वंदनाताई खालच्या गावच्या.

मोताळ्याहून धामणगाव बढेच्या वाटेवरच्या एका फाट्यावर उतरायचं होतं. मी एक फाटा आधीच उतरले. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, लांब अजिंठ्याच्या डोंगरांची निळी रांग, आणि रस्त्यावर मी एकटी. शेवटी मिरच्यांची पोती उतरवून परतणाऱ्या वरच्या गावच्या एका छोट्या टेम्पोने मला घेतलं आणि थेट तिथे, सरपंच प्रल्हादभाऊंच्या दारात आणून सोडलं.

प्रल्हादभाऊ पन्नाशीचे, भाजीपाला पिकवणारे. चहा आला, गप्पा झाल्या. मी कुणाकडे चालले आहे हे कळल्यावर मात्र त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"त्यायच्याकडं? मंग आधी आमचं ऐकून जा, ताई."

त्यांनी मला बंधाऱ्यावर नेलं. कोल्हापुरी बंधारा म्हणजे दगडी खांबांच्या मधे लोखंडी गेट बसवून पाणी अडवायचं. गेट पावसाळ्याआधी काढायचे आणि परतीचा पाऊस सरला की पुन्हा टाकायचे. आत्ता गेट काठावर रचून ठेवलेले होते आणि नाल्याचं पाणी मोकळं वाहून जात होतं.

"रोज पानी जाऊन राह्यलं. आठ दिवसांत गेट नाई टाकले तं आमच्या विहिरी आटतील, अन् त्यायच्याबी. पण ते टाकू देत नाईत," प्रल्हादभाऊ म्हणाले.

"काऊन?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. ते हसले आणि खिशातून गाडीची किल्ली काढली.

मोटारसायकलवरून त्यांनी मला शिवेपर्यंत आणलं आणि तिथे गाडी बंद केली. "इथून फोन करा वंदनाताईले. मी समोर येत नाई."

उत्तर मला वंदनाताईंच्या ओसरीवर मिळालं. मागच्या वर्षी वरच्या गावाने पावसाळ्याआधी गेट काढलेच नाहीत. एका दुपारी ढगफुटीसारखा पाऊस झाला, पाणी तुंबलं, बंधाऱ्याच्या कडेची माती फोडून लोंढा खाली आला. वंदनाताईंच्या शेजारच्या लीलाबाईंचं वावर (शेत) त्या लोंढ्यात खरडून गेलं आणि विहीर गोट्यांनी भरली.

"एक डाव येऊन 'चुकलं' म्हनले असते ना, तं मी लोकायले समजावलं असतं," वंदनाताई भाकरी थापता थापता म्हणाल्या. त्या रात्री ठेच्यापेक्षा हे वाक्यच जास्त झोंबत राहिलं.

बैठक दुसऱ्या दिवशी मधल्या गावातल्या मारुतीच्या मंदिरात होती. मंडपात तीन गावांची माणसं तीन कोपऱ्यांत बसली. मधल्या गावचे सरपंच आलेच नव्हते. त्यांनी उपसरपंचांना पाठवलं होतं आणि ते प्रत्येक प्रश्नाला "विचारून सांगतो" म्हणत होते. गावागावांनी मिळून हवामानाच्या संकटाला तोंड द्यायचं, असं फलकावर सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं. त्याच्याखाली अर्धा तास नुसती बाचाबाची चालली. गेट कधी टाकायचे, कोणी टाकायचे, काढायचे कोणी विसरलं तर काय. खालचे म्हणत, टाकूच नका. वरचे म्हणत, मग पाणी मागायला येऊ नका.

काही लोक उठून चपला शोधू लागले, तेव्हा मागे बसलेल्या लीलाबाई उभ्या राहिल्या. बारीक अंगाची, साठीची बाई. आवाज न चढवता म्हणाल्या, "मले तुमचं भांडन नाई ऐकाचं. प्रल्हादभाऊ, तुमी माह्या वावरात या. पायी या, नाल्यानं या."

प्रल्हादभाऊ टोपीशी चाळा करत म्हणाले, "हाव. चाला."

पंचवीस-तीस माणसं नाल्याच्या काठाने निघाली. मीही निघाले आणि दहाव्या मिनिटाला गाळात चप्पल गमावून बसले. मग अनवाणीच चालले. काठावर कुठे हरभऱ्यासाठी तयार केलेली काळीभोर जमीन, कुठे एरंडाची झुडपं.

लीलाबाईंचं वावर आलं तेव्हा मला ते वावर आहे हेच कळलं नाही. नुसता पिवळा मुरूम आणि गोटे. मधे चार ओळी तुरीच्या, गुडघ्याएवढ्या. पलीकडच्या वावरात तीच तूर डोक्याएवढी होती.

प्रल्हादभाऊ खाली बसले. हातात मुरूम घेतला, चोळला, टाकला.

"मी पाह्यलं नव्हतं," ते म्हणाले. "लोकायनं सांगतलं, पण मी आलो नाई. गेट मिरगाच्या आधीच काढाचे होते. पण त्याच्या आधी दोन वर्स पाऊसच नव्हता, बाई. वाटलं, आलेलं पानी अडून राहू द्या, मंग पाहू. अन् आला तं एका दुपारीत सारा आला. चुकलं माहं."

लीलाबाईंनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "पानी मलेबी पाह्यजे, भाऊ. गेट टाका. पण काढाच्या वक्ती आमचेबी मानसं बोलवा. तुमच्या एकट्याच्या भरवशावर नाई."

एवढंच. पण फलकाखाली अर्ध्या तासात जे झालं नव्हतं ते त्या मुरमावर उभ्या उभ्या झालं. गेट टाकताना आणि काढताना दोन्ही गावांची माणसं हजर राहतील. डोंगराकडे आभाळ भरलं की वरचे खाली फोन करतील. उन्हाळ्यात बंधाऱ्यातला गाळ निघेल, तो सगळ्यात आधी लीलाबाईंच्या वावरात पडेल. वंदनाताईंनी तिथेच वहीत ठराव लिहिला; दोन्ही ग्रामसभांनी तो शब्दाला शब्द तसाच मंजूर करायचा ठरलं. मधल्या गावचे उपसरपंच म्हणाले, "विचारून सांगतो." सगळे हसले, तेही हसले, पण सही त्यांनी केली नाही.

दुपारी मंदिरात रोडगे (शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे), वरण आणि वांग्याची भाजी होती. या वेळी कोपरे राहिले नव्हते. जागा मिळेल तिथे माणसं बसली. मला कुणीतरी रबरी चपलांचा एक जोड आणून दिला, दोन बोटं मोठा.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेट टाकताना पाहिले. खालची सात माणसं आली होती. लोखंड जड, हात घसरत होते, शिव्या दोन्हीकडून सारख्याच निघत होत्या. शेवटचा गेट बसला तेव्हा पाणी क्षणभर घुटमळलं आणि मग हळूहळू मागे पसरू लागलं. लीलाबाई काठावर उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता असं मी म्हणणार नाही. त्या पाण्यावर लक्ष ठेवून होत्या.

परतीच्या गाडीत मी विचार करत राहिले. पाऊस बेभरवशाचा झाला की प्रत्येक गाव हाताला लागेल ते पाणी धरून ठेवतं. त्यात लोभापेक्षा भीती अधिक असते. आणि घाबरलेल्या माणसाला खाली कोण राहतं ते दिसत नाही.

घरी आल्यावर आमच्या गावच्या आराखड्याचा कागद काढला. त्यावर आमचा ओढा निळ्या शाईने काढलेला आहे आणि तो शिवेपाशी संपतो. तिथून पुढे कागद कोरा. पाच वर्षं मी त्या कागदावर सह्या करत आले.

दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या काठाने शेजारच्या, खालच्या गावात गेले. सरपंच ग्रामपंचायतीतच होते. मी विचारलं, "आमचा ओढा चढला की तुमच्याकडं काय होतं?"

समोरची खुर्ची ओढून ते म्हणाले, "बसा. आजवर हे विचारायला वरनं कुणी आलं नव्हतं."