मी निवडलेली रायफल

मुलीच्या शाळेच्या एअर रायफल क्लबचे संमतीपत्र आज सहीसाठी आले. ताज्या शाईच्या वासाने सिंगापूरमधल्या चोआ चू कांगचा आमचा जुना फ्लॅट आठवला. न्यूझीलंडला निघालेला माझा मित्र मिलिंद तिथे शिकारीच्या रायफलींचा नवा कॅटलॉग चाळत होता. हरणे लांबून टिपायची होती, पैसे बेताचे होते. मी तक्ता आखून समजावले, "रायफल साधी घे, दुर्बीण उत्तम घे. दिसलेच नाही, तर नेम कशावर धरशील?"

"मास्तर, तू स्वतः कधी गोळी झाडलीयस का रे?" मिलिंद हसत म्हणाला.

माझी बायकोही खळखळून हसली.

पुढे डोंगरातून त्याचा फोटो आला. रायफल, दुर्बीण, सारे माझ्या तक्त्याप्रमाणे होते. हेव्यापोटी तो मी बायकोला दाखवलाच नाही.

आज सही करताना तोच हेवा पुन्हा जागा झाला. या वेळी मुलीचा.