मुखपृष्ठावर स्वेटर, आत सुयांचा नंबरच नाही

मैत्रिणींनो, आज डोकं फिरलंय. मुलुंडच्या प्रदर्शनातून विणकामाचं पुस्तक आणलं. फोटो झकास, पण लोकर किती जाड, सुया कितव्या नंबरच्या, कशाचाच पत्ता नाही! दुपारभर विणलं आणि सगळं उसवलं.

जास्त राग स्वतःचाच आला. हाच मूर्खपणा मी ऐंशीच्या दशकात घाटकोपरला केला होता.

तेव्हा आम्ही जुनी फियाट घेतली होती, आमची पहिली गाडी. फुटपाथवरून नुसते फोटो बघून दोन परदेशी पुस्तकं आणली. ह्यांचं गाडी सजवायचं, माझं विणकामाचं. मी तीन आठवडे खपून सीटकव्हर विणलं, तर ते अर्ध्या सीटवरच अडकलं. पुस्तकातली लोकर जाड, आपली बारीक! हे पोट धरून हसले.

"हसा, हसा. तुमचंही दिसेलच," मी फणकारले.

रविवारी ह्यांनी पुस्तकातल्या मापाने स्पीकरसाठी दाराला भोक पाडलं. ते माप दुसऱ्याच गाडीचं होतं. स्पीकर बसला, पण काच खाली जाईना.

"हस ना आता," हे म्हणाले.

पण त्यांचा चेहरा इतका पडला होता की मला हसवेना. मी गुपचूप चहा ठेवला. स्पीकर काढला, पण ते भोक गाडी विकेपर्यंत तसंच राहिलं.

एवढं होऊनही आज मी पुन्हा फोटोलाच भुलले. खरं सांगा गं, पुस्तक घेताना तुम्ही आतलं एक तरी पान नीट वाचता का?