दृष्ट काढताना

संध्याकाळी चमचाभर विरजण मागायला शेजारी गेले, तर सुनीताताई लेकीची दृष्ट काढत होत्या. नववीतली सई पाटावर बसली होती, मांडीवर फोन.

"जेवत नाही, बोलत नाही. कुणाची नजर लागली कोण जाणे!" त्या मला म्हणाल्या.

मीठमोहऱ्यांची मूठ फिरू लागली. "आल्यागेल्याची, शेजारापाजाऱ्याची..."

तेवढ्यात फोन थरथरला. सईनं पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. फोन पालथा घालत ती म्हणाली, "आई, या फोनवर ना..."

"शू! दृष्ट काढताना बोलायचं नसतं."

मूठ पुन्हा फिरू लागली.

उंबऱ्याबाहेरच्या नजरांसाठी आपल्या आयांनी मीठमोहऱ्या राखून ठेवल्या. ही नजर उंबऱ्यावरून येतच नाही. ती थेट पोरीच्या मांडीवर येऊन बसते, लाडानं नाव घेते, मग धमकावते, कुणाला सांगू नकोस म्हणते. आणि घरात आम्हीही पोरीला गप्पच बसवतो.

तव्यावर मोहऱ्या तडतडल्या. "बघा, केवढी लागली होती!" सुनीताताईंना हायसं वाटलं. लेकीच्या केसांवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "हं, काय म्हणत होतीस मघाशी?"

"काही नाही," सई म्हणाली.

मांडीवर पालथा फोन पुन्हा थरथरला.