लाल पट्टीची जागा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आजवर माइकवरून जेवढं खोटं बोललं गेलं, ते सगळं अगदी स्वच्छ ऐकू आलं, याचं श्रेय आमच्या माइकवाल्या चाचांना आहे. त्यातलं बरंचसं सूत्रसंचालक म्हणून मीच बोललो आहे. चाचा जुन्नरचे, माझ्या वडिलांचे वर्गमित्र. लग्न असो, सत्कार असो की दशक्रिया, कोण पुढारी येणार याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. आल्या आल्या विचारत, "मास्तर, बोलणारा कुठं उभा राहणार?" मग कॉर्डलेस माइकची अँटेना कुठं लावायची यात त्यांचा तास जाई. सेटबरोबर आलेल्या बारक्या काड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्याकडे पिंपळपानासारख्या दोन चपट्या अँटेना होत्या. त्या उंच स्टँडवर, लोकांच्या डोक्यांच्या वर, एकमेकींपासून चार हात लांब आणि टोक बोलणाऱ्याकडे. "माणूस म्हंजे पाण्यानं भरलेली घागर," ते म्हणत. "एवढ्या घागरी मधी आल्यावर आवाज पोचंल का? माइकला अँटेना दिसली पायजे." जागा ठरली की स्टँडच्या पायांशी लाल चिकटपट्टी लावत आणि माइक घेऊन "एक, दोन, तीन" म्हणत थेट आचाऱ्याच्या चुलीमागे जाऊन येत.

येडगावच्या एका लग्नात त्यांनी नवऱ्याच्या मामाला जागेवरून उठवलं, का तर फेट्याचा तुरा मधे येतो. मामा रुसले, जेवलेच नाहीत. चाचाही जेवले नाहीत, पण ते नेहमीचंच. आहुप्याला देवराईजवळ कार्यक्रम होता आणि दोन्ही स्टँड रस्त्यातच मोडले. तिथल्या झाडाला दोरीसुद्धा बांधायची नाही, असा गावाचा नेम. चाचा दोन हातांत दोन अँटेना धरून भाषणं संपेपर्यंत उभे राहिले. लोक हसले. त्यांना हसवायला मी माइकवर होतोच.

मग बोरी बुद्रुकची दशक्रिया आली. आमच्याकडे नदीकाठच्या घाटावर आधी प्रवचन होतं आणि मग पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या. गेलेल्या माणसाला कावळ्याआधी यांची वाट पाहावी लागते. गेले होते ते गावचे जुने पोस्टमन. त्यांची मुलगी मागे बायकांमधून दोन शब्द बोलणार होती, म्हणून चाचांनी एक अँटेना खास तिच्याकडे वळवून ठेवली होती. ते भोंगा बघायला गेले, तेवढ्यात पुढाऱ्याचा फोटोग्राफर मला म्हणाला, "सर, तो खांब साहेबांच्या फोटोत येतोय." मी दोन्ही स्टँड उचलले आणि पत्र्याच्या शेडमागे नेऊन ठेवले.

साहेब वायरच्या माइकवर बोलले, खणखणीत ऐकू आले. मग मुलगी उभी राहिली. वडिलांना ती दादा म्हणे. "दादा, तुमी मला..." एवढं ऐकू आलं. पुढे खरखर, मग काहीच नाही. तिनं माइक हलवून पाहिला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. कुणीतरी म्हणालं, "चाचाचं सामान लई जुनं झालंय राव, बंद करा." ती खाली बसली. चाचा गर्दीतून धावत आले. त्यांनी लाल पट्टी पाहिली, शेडमागे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

विधी उरकल्यावर मुलीच्या भावानं त्यांना चारचौघांत झापलं. चाचा म्हणाले, "चूक झाली भाऊ. सामान जुनं झालंय." मी तिथंच होतो, आणि एरवी माझं तोंड बंद नसतं. मग ते वाकले, नखानं फरशीवरची लाल पट्टी सोडवली आणि खिशात घातली.

त्यानंतर त्यांना बोलावणी येईनाशी झाली. मला येतात. परवा मी त्यांच्या दुकानात गेलो, सांगायचंच असं ठरवून गेलो. पिंपळपानं खिळ्याला टांगलेली होती. "चाचा, बोरीला ती अँटेना मी..." एवढंच म्हणालो.

"ती पोरगी काय बोलणार व्हती?" त्यांनी मधेच विचारलं. "कदी इचारलं का तिला?"

मी नाही म्हणालो.

"मंग माझ्याकडं काय आलात, मास्तर," ते हळूच म्हणाले. "तिच्याकडं जा."

बोरी जुन्नरहून काही फार लांब नाही. मी अजून गेलेलो नाही.