साहेबापुढे जुळलेले हात

कोऱ्या कापडाचा वास आला की मला म्हैसुरातल्या हायस्कुलातली इंग्रजीची ती परीक्षा आठवते. वडील अग्रहार नावाच्या वस्तीत शिंपीकाम करायचे; परीक्षेसाठी त्यांनी मला नवा कोट शिवला आणि नापास झालास तर उद्यापासून मशीनवर बस, असंही बजावलं. परीक्षा घ्यायला गोरा साहेब आला होता. तो एक गोष्ट वाचणार, ती ऐकून आम्ही इंग्रजीत सांगायची, मग एक धडा वाचून दाखवायचा. गोष्ट होती वादळात दीपगृहाचा दिवा विझू न देणाऱ्या म्हाताऱ्याची. मी समुद्र कधी पाहिला नव्हता, तरी रंगून गेलो. साहेबाने पुस्तक मिटलं आणि माझे हात आपोआप जुळले, तोंडून मोठ्याने ‘पांडुरंग हरी’ निघालं. घरी पोथी वाचून संपली की आम्ही सगळे तसंच करायचो. वर्ग फिसकन हसला, साहेबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेव्हा आमच्याच गल्लीत राहणारे इंग्रजीचे मास्तर उठले आणि साहेबाला म्हणाले, “सर, यांच्या घरी वाचन संपलं की ऐकणारा हात जोडतो. याने शेवटपर्यंत ऐकलंय, विचारून पाहा.” मग माझ्याकडे वळून हळूच कानडीत म्हणाले, “हेळप्पा”, म्हणजे सांग बाबा. मी सगळी गोष्ट सांगितली. धडा वाचताना अडखळलो, पण पास झालो. पुढे जन्मभर इंग्रजीच शिकवलं. आता रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या संपल्या तरी माझे हात जुळतात आणि नातवंडं हसतात. हसू देत. पांडुरंगाची काही तक्रार नसावी. ते हात मास्तरांसाठी असतात.