हवेचं खत आणि माझे तीन तुकडे

आमच्या कोन गावात जमिनी विकून संपल्या, पण गोष्टी काही संपत नाहीत. साठतच जातात. त्यातून मी माझी शेड चार शिकलेल्यांना दिली. मग काय, ढीगच!

केतकी मॅडम त्यांच्यातली मोठी, पीएचडीवाली डॉक्टर. तिच्या मशीनने नळीत वीज पाडायची, हवेतला नायट्रोजन पाण्यात उतरवायचा आणि ते पाणी भाताला द्यायचं. ना गॅस, ना धूर. पैसा घालणाऱ्या कंपनीने तिला एकच हंगाम दिलेला. माझ्या वावरात भात दाखव, नाहीतर मशीन उचल!

मी म्हटलं, "आभाळ कडाडलं का भात हिरवा होतो, हे माझ्या आईला पन ठाऊक होतं. तिला कोनी डॉक्टर म्हटलं नाय!"

"काका, तिला हवी तेव्हा वीज पाडता येत होती का?"



*

बायकोला विजेच्या पाण्याचा पहिला कॅन दाखवला.

"यात काय हाय?"

"हवा न् पानी."

"म्हंजे काय नाय! न् एवढ्यासाठी पोरगी पीएचडी झाली?"

*

एकदा बाहेर विजा कडाडतायत आणि आत मशीन बंद. का? तर लाइट गेली! चौघांतला समीर इंजिनीअर डोक्याला हात लावून बसला.

मी म्हटलं, "वायर वर फेकून बघ!"

*

शेजारचा दामू जमीन बिल्डरला देऊन खांदा कॉलनीत राहतो, पण रोज गाडी घेऊन आमच्या बांधावर हजर.

"तुझी मशीन माझी हवा खेचते. भाडा दे!"

"जमीन विकलीस तवाच हवा काढून ठेवायची होतीस!"

*

मॅडमने वावराचे तीन तुकडे केले. एकाला विजेचं पाणी, एकाला युरिया. तिसरा उपाशी, फरक दिसायला. तो पडला पिवळा. जो तो विचारी, "म्हाताऱ्या, भाताला कावीळ झाली का?" जन्म भातात गेला माझा! एका पहाटे दोन मुठी युरिया फेकला. कोणाला बोललो नाही.

कंपनीचा साहेब बघायला आला. विजेच्या पाण्याचा भात युरियावाल्याच्या बरोबरीने उभा. साहेब खूश! मग तिसऱ्याकडे वळला. तो सगळ्यांत हिरवा, माजलेला आणि जादा खताने लोळतो तसा पार आडवा!

मॅडमने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून पुटपुटलो, "दोनच मुठी, पोरी."

मागून बायको हळूच, "अगो बाय, मी पन टाकला!"

बांधावर दामू खाकरला. "मी पन... थोरासाच."

तेवढ्यात साहेबाने विचारलं, "याला तर काहीच दिलं नव्हतं ना? मग हा आडवा कसा?"

 मॅडमच्या आधी बायकोच पुढे झाली.

"उपाशी हाय ना सायेब, चक्कर आली असंल!"